अमेरिकेतील संगीत उद्योगाचा लॉबिंगवरील खर्च कसा शोधावा आणि कसा वाचावा

डिसेंबर 2012 मध्ये आपल्या संसदेत वॉलमार्टवरून मोठा गदारोळ झाला होता. किरकोळ व्यापारातील थेट परकीय गुंतवणुकीचा निर्णय ताजा होता आणि वॉलमार्टने अमेरिकेच्या सिनेटकडे भरलेल्या लॉबिंगच्या, म्हणजे कायदे व धोरणांबाबत लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांचे मन वळवण्याच्या कामाच्या, विवरणपत्रांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाचा उल्लेख असल्याची बातमी आली. 2008 पासूनच्या विवरणपत्रांची बेरीज सुमारे अडीच कोटी डॉलर, म्हणजे बातम्यांनी लावलेल्या हिशेबाप्रमाणे 125 कोटी रुपये होत होती, आणि ही सगळी रक्कम भारतात वाटली गेली असावी असा समज मथळ्यांतून पसरला. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची एकसदस्यीय चौकशी समितीही नेमली. प्रत्यक्षात ती रक्कम कंपनीने अमेरिकेतील सर्व विषयांवर केलेल्या लॉबिंगची एकत्रित बेरीज होती आणि विषयांच्या लांबलचक यादीत भारत ही त्यातली एक नोंद होती. कोणत्या विषयावर किती खर्च झाला हे त्या फॉर्ममध्ये विचारलेच जात नाही.

ज्या विवरणपत्रांवरून तेव्हा एवढा गोंधळ झाला, त्याच प्रकारची विवरणपत्रे वाचून अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचा वॉशिंग्टनमधील खर्च आणि प्रभाव कसा तपासावा, हे या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. पत्रकार, कॉपीराइट कायद्याचे विद्यार्थी आणि संगीत व्यवसायातील मंडळी यांना ती उपयोगी पडेल. उदाहरण म्हणून रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरआयएए, ही संघटना घेतली आहे, कारण तिचा कारभार बहुतांशी एकाच विषयाभोवती, म्हणजे ध्वनिमुद्रणांच्या कॉपीराइटभोवती, फिरतो आणि तिच्या यशापयशाच्या नोंदी चांगल्या उपलब्ध आहेत. औषध कंपन्यांच्या किंवा बँकांच्या संघटनांपासून सुरुवात करणारा अभ्यासक विषयांच्या पसाऱ्यातच अडकून पडतो.

संघटना कोणती आणि ती कोणाची

आरआयएएची स्थापना 1952 मध्ये झाली. तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाचा एक सामायिक तांत्रिक मानदंड ठरवणे हे तिचे सुरुवातीचे काम होते आणि 1958 पासून ती खपानुसार ‘गोल्ड’ प्रमाणपत्रे देऊ लागली. आज तिचे वजन मुख्यतः युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांमुळे आहे. हे आधी पक्के करून घ्यावे, कारण ‘संगीत उद्योगाची लॉबी’ असा एकच एक गट नाही. ग्रॅमी पुरस्कार देणारी रेकॉर्डिंग अकॅडमी वेगळी, गीतकार व संगीतकारांच्या हक्कांचे प्रकाशक जिच्यात एकवटतात ती नॅशनल म्युझिक पब्लिशर्स असोसिएशन वेगळी आणि स्ट्रीमिंग कंपन्यांची संघटना आणखी वेगळी. डिजिटल रॉयल्टी गोळा करणारी साउंडएक्स्चेंज 2000 मध्ये आरआयएएच्या छत्राखालीच सुरू झाली आणि 2003 मध्ये स्वतंत्र झाली. तीही आपली विवरणपत्रे स्वतः भरते. शिवाय तिन्ही मोठ्या कंपन्या संघटनेत असूनही स्वतःच्या नावाने लॉबिंग करतात. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा: आपल्याला एका संघटनेचा खर्च हवा आहे, की एका विधेयकाच्या बाजूने उभ्या असलेल्या सगळ्यांचा? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असतात, आणि गोंधळलेले बहुतेक लेख या दोहोंची सरमिसळ करतात.

विवरणपत्रे कोठे मिळतात

अमेरिकेत 1995 च्या लॉबिंग डिस्क्लोजर कायद्यानुसार संघीय पातळीवर लॉबिंग करणाऱ्यांना सिनेटचे सचिव आणि प्रतिनिधिगृहाचे क्लार्क या दोघांकडे नोंदणी करावी लागते. 2007 च्या दुरुस्ती कायद्याने सहामाही विवरणपत्राऐवजी तिमाही विवरणपत्र सक्तीचे केले आणि निवडणूक देणग्यांसाठी वेगळा फॉर्म आणला. दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर या सर्व नोंदी विनामूल्य शोधता येतात, आणि सिनेटची शोधसुविधा जुन्या वर्षांसाठी अधिक सोयीची आहे. नोंदणीचा फॉर्म एलडी-1, तिमाही कामाचा एलडी-2 आणि देणग्यांचा एलडी-203 ही तीन नावे लक्षात ठेवली की पुरे.

शोधताना दोन रकाने दिसतात: नोंदणीकर्ता आणि अशील. आरआयएए स्वतःच्या पगारी लॉबिस्टांमार्फत काम करते तेव्हा ती नोंदणीकर्ताही असते आणि अशीलही. ती बाहेरच्या लॉबिंग फर्मला काम देते तेव्हा नोंदणीकर्ता ती फर्म असते आणि अशील आरआयएए. म्हणून शोध नेहमी अशिलाच्या नावाने करावा, म्हणजे दोन्ही प्रकार हाती लागतात. नाव भरणारा माणूस ते पूर्ण लिहील, आद्याक्षरांत लिहील की ‘असोसिएशन’ तोडून लिहील हे सांगता येत नाही, तेव्हा सर्व रूपांनी शोधून पाहावे.

ओपनसीक्रेट्स या ना-नफा संस्थेचे संकेतस्थळ हाच डेटा स्वच्छ करून वर्षवार मांडते. तेथून सुरुवात करण्यात काही गैर नाही. मी स्वतः आकडा प्रथम तेथेच पाहण्याचा सल्ला देईन. मात्र छापण्याआधी त्या वर्षातील मूळ एलडी-2 उघडून पाहावे, कारण बातमीला लागणारा तपशील तेथेच असतो.

एलडी-2 रकान्यागणिक

बारावा रकाना उत्पन्नाचा. तो लॉबिंग फर्म भरते आणि त्यात अशिलाने तिला किती पैसे दिले ते येते. तेरावा रकाना खर्चाचा. तो स्वतःचे लॉबिस्ट ठेवणारी संघटना भरते. दोन्ही रकमा जवळच्या दहा हजार डॉलरपर्यंत पूर्णांकित केलेल्या असतात आणि तिमाहीची रक्कम पाच हजारांहून कमी असल्यास आकडा न लिहिता केवळ खूण केली जाते. त्यामुळे या आकड्यांवरून टक्केवारी दशांश चिन्हापुढे दोन घरे काढणे म्हणजे नसलेल्या अचूकतेचा आव आणणे होय.

चौदावा रकाना बहुतेक वाचक ओलांडून जातात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. खर्च मोजण्याच्या तीन पद्धतींपैकी कोणती वापरली, हे तेथे सांगावे लागते. पहिल्या पद्धतीत लॉबिंग कायद्याची व्याख्या लागू होते, म्हणजे केवळ संघीय लॉबिंग मोजले जाते. दुसरी पद्धत धर्मादाय स्वरूपाच्या संस्थांसाठी आहे. तिसरी पद्धत प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येवर चालते आणि तिच्यात राज्यांच्या विधिमंडळांतील लॉबिंग तसेच सर्वसामान्य जनतेला एखाद्या विधेयकाबाबत उद्युक्त करणाऱ्या मोहिमांचा खर्चही धरला जातो. व्यापारी संघटनांना पहिली किंवा तिसरी पद्धत निवडता येते. परिणामी दोन संघटनांनी अगदी सारखे काम केले तरी आकडे वेगळे दिसू शकतात. दोन संघटनांची तुलना करायची असेल तर आधी दोघींचा चौदावा रकाना शेजारी ठेवावा; पद्धत वेगळी असेल तर तुलनेच्या वाक्यात तसे नमूद करावे.

हा भेद किती खोल जातो ते टेनेसीच्या उदाहरणावरून कळेल. कृत्रिम बुद्धिमत्तेने गायकाच्या आवाजाची नक्कल करण्याविरुद्ध त्या राज्याने मार्च 2024 मध्ये ‘एल्व्हिस कायदा’ केला आणि आरआयएएने त्याला पाठिंबा दिला होता. त्याच धर्तीचे ‘नो फेक्स’ विधेयक 2024 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये सिनेटमध्ये आले. संघीय विधेयकावरचे काम पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही पद्धतींत मोजले जाईल, पण टेनेसीची राजधानी नॅशव्हिल येथील काम फक्त तिसऱ्या पद्धतीत.

पंधराव्या रकान्यात विषयाचा तीन अक्षरी संकेत असतो, जसे कॉपीराइट-पेटंट-ट्रेडमार्कसाठी एक, व्यापारासाठी दुसरा, करांसाठी तिसरा. सोळाव्यात प्रत्यक्ष विधेयके आणि मुद्दे लिहिले जातात. हा रकाना सावकाश वाचावा आणि लागोपाठच्या तिमाहींचे सोळावे रकाने एकाखाली एक ठेवून पाहावेत. नवे नाव कधी आले आणि जुने कधी गळाले यातून संघटनेचे लक्ष कोठे वळले ते कळते. करांचा संकेत रेकॉर्ड कंपन्यांच्या विवरणपत्रात पाहून एखाद्याला नवल वाटेल, पण ध्वनिमुद्रणाच्या निर्मितिखर्चाची ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच वर्षी वजावट मिळावी ही मागणी संगीत उद्योगाने अनेक वर्षे लावून धरली होती आणि जुलै 2025 च्या मोठ्या करविधेयकात तिला जागा मिळाली.

येथे एक खाचखळगा सांगायला हवा. विधेयकाचा क्रमांक हा भरवशाचा धागा नाही. संगीताच्या परवान्यांची व्यवस्था सुधारणारा 2018 चा म्युझिक मॉडर्नायझेशन कायदा प्रतिनिधिगृहात एच.आर. 5447 या क्रमांकाने 415 विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, पण शेवटी कायदा झाला तो एच.आर. 1551 या क्रमांकाने. हे दुसरे विधेयक मुळात अणुऊर्जा प्रकल्पांच्या करसवलतीचे होते; सिनेटने त्यातील मजकूर काढून तेथे संगीताचा मजकूर बसवला. केवळ क्रमांकावर शोध घेणाऱ्याला त्या वर्षी अणुऊर्जा कंपन्याही संगीताच्या कॉपीराइटसाठी धडपडत होत्या असे वाटले असते. म्हणून क्रमांक, विधेयकाचे नाव आणि विषयाचे शब्द या तिन्हींनी शोधावे.

सतराव्या रकान्यात कोणाशी संपर्क साधला ते असते, पण ते फक्त ‘सिनेट’, ‘प्रतिनिधिगृह’, ‘व्यापार प्रतिनिधी कार्यालय’ अशा पातळीवर. कोणत्या सिनेटरला कोण कधी भेटले हे तेथे कधीच सापडणार नाही, आणि तसे सापडल्याचा दावा कोणी करत असेल तर तो दुसऱ्या पुराव्यावर उभा असला पाहिजे. अठराव्यात लॉबिस्टांची नावे आणि त्यांनी पूर्वी सांभाळलेली सरकारी पदे येतात. पदाचा तपशील लॉबिस्टाचे नाव त्या अशिलासाठी प्रथम नोंदवले जाते तेव्हा द्यावा लागतो. म्हणून ताज्या विवरणपत्रात तो रकाना कोरा दिसला तर त्या माणसाला सरकारी पार्श्वभूमी नाही असे समजू नये. त्याच्या पहिल्या नोंदीपर्यंत मागे जावे.

बेरीज करताना

सर्वांत जास्त चुका येथे होतात, आणि त्या बहुधा आकडा फुगवणाऱ्या असतात. संघटनेने तेराव्या रकान्यात लिहिलेल्या खर्चात तिने बाहेरच्या फर्मांना दिलेले पैसेही आलेले असतात. तेच पैसे त्या फर्मांच्या बाराव्या रकान्यात उत्पन्न म्हणून पुन्हा दिसतात. समजा, एका संघटनेने चार तिमाहींत अनुक्रमे 15, 14, 16 आणि 15 लाख डॉलर खर्च दाखवला आणि तिच्या दोन फर्मांनी प्रत्येक तिमाहीत प्रत्येकी 60 हजार डॉलर उत्पन्न दाखवले. आकडे काल्पनिक आहेत, पण उत्तर एकच: वर्षाचा खर्च 60 लाख डॉलर. त्यात फर्मांचे 4 लाख 80 हजार मिळवले तर ती रक्कम दोनदा मोजली जाते. फर्मांची विवरणपत्रे मात्र फेकून देऊ नयेत. कोणत्या विषयासाठी खास बाहेरची माणसे लावली होती, हे तीच सांगतात.

दुसरी चूक दुरुस्ती विवरणपत्रांची. एखाद्या तिमाहीचे मूळ आणि सुधारित अशी दोन्ही विवरणपत्रे शोधात येतात. त्यांतले शेवटचे तेवढे धरावे. तिसरी चूक काळाची. 2008 पूर्वीची विवरणपत्रे सहामाही आहेत, तेव्हा 2005 ची एक नोंद आणि 2015 ची एक नोंद यांची थेट तुलना करू नये. दोन्हीकडे पूर्ण वर्ष करून घ्यावे.

अशा रीतीने बेरीज केली की आरआयएएचा 2001 ते 2020 या काळातील वार्षिक खर्च साधारण 24 लाख ते 65 लाख डॉलर या पट्ट्यात येतो. याहून कितीतरी मोठे आकडे वाचनात आले तर त्यांत सदस्य कंपन्यांचा स्वतंत्र खर्च मिळवलेला असण्याची शक्यता आधी तपासावी. तसे मिळवणे चुकीचे नाही, पण मग वाक्याचा कर्ता ‘आरआयएए’ न राहता ‘आरआयएए आणि तिचे प्रमुख सदस्य’ असा बदलला पाहिजे.

समोर कोण उभे आहे ते पाहणे

एकट्या आकड्याला अर्थ नसतो. 65 लाख डॉलर हे जास्त की कमी, याचे उत्तर प्रतिस्पर्ध्याच्या विवरणपत्रात असते. संगीताच्या बाबतीत याचे सर्वांत बोलके उदाहरण रेडिओचे आहे. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, पण गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला मिळत नाहीत. इंटरनेट व उपग्रह रेडिओला ही सूट नाही. ती काढून टाकणारे ‘अमेरिकन म्युझिक फेअरनेस’ विधेयक 2021 मध्ये आले आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा मांडले गेले. आरआयएए, साउंडएक्स्चेंज, रेकॉर्डिंग अकॅडमी आणि कलाकारांच्या कामगार संघटना यांची ‘म्युझिकफर्स्ट’ नावाची आघाडी 2007 पासून याच मागणीसाठी झटते आहे. गाडी मात्र तेथेच अडली आहे.

विरोधात आहे रेडिओ व दूरचित्रवाणी प्रसारकांची संघटना, नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स. तिचा लॉबिंगवरील वार्षिक खर्च अनेक वर्षी एक कोटी डॉलरच्या वर गेलेला आहे, म्हणजे आरआयएएच्या बराच पुढे. पण केवळ पैशाने हे कोडे सुटते असे मला वाटत नाही. प्रतिनिधिगृहाच्या जवळजवळ प्रत्येक मतदारसंघात एखादे तरी स्थानिक रेडिओ केंद्र असते. वादळाची सूचना, शाळेचे सामने आणि निवडणुकीच्या जाहिराती तेथूनच जातात. खासदाराला त्या केंद्राच्या मालकाचा फोन येतो तेव्हा तो मतदारसंघातल्या माणसाचा फोन असतो. रेकॉर्ड कंपन्यांची कार्यालये मात्र मुख्यतः न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि नॅशव्हिल येथे एकवटलेली आहेत. ब्रॉडकास्टर्स रेडिओवर नवे शुल्क लावण्याच्या विरोधात खासदारांच्या सह्यांचा एक ठरावही दर काही काळाने पुढे आणतात, आणि कोणी सही केली ते उघड असते. प्रभाव मोजायचा तर त्या सह्यांची यादी खर्चाच्या तक्त्याशेजारी ठेवावी.

माणसांचा माग

1999 च्या नोव्हेंबरमधील प्रसंग प्रत्येक अभ्यासकाने एकदा मुळातून वाचावा. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला हक्क दिल्यापासून 35 वर्षांनी ते परत मागण्याची तरतूद आहे. पण कृती ‘मोबदला देऊन करवून घेतलेले काम’ या वर्गात मोडत असेल तर हा अधिकार उरत नाही. उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका विधेयकात, जे पुढे अंदाजपत्रकी खर्चाच्या मोठ्या कायद्याला जोडले गेले, त्या वर्गात ध्वनिमुद्रणे बसवणारे काही शब्द घालण्यात आले. तांत्रिक दुरुस्ती म्हणून ती गेली. तिच्यावर आधी सुनावणी झाली नव्हती. हे शब्द घालणारे मिच ग्लेझियर तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीच्या बौद्धिक संपदा उपसमितीचे विधिज्ञ होते, आणि काही महिन्यांतच ते आरआयएएच्या सरकारी संबंध विभागात वरिष्ठ पदावर रुजू झाले. डॉन हेन्ली, शेरील क्रो यांच्यासह अनेक कलाकारांनी आवाज उठवला, मे 2000 मध्ये सुनावणी झाली आणि त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती दुरुस्ती रद्द केली. ग्लेझियर 2019 पासून आरआयएएचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत. त्यांच्या आधीच्या प्रमुखांपैकी मिच बेनवॉल हे 2003 मध्ये संघटनेत येण्यापूर्वी सिनेटमधील रिपब्लिकन नेते बिल फ्रिस्ट यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते.

या प्रसंगातून पद्धतीविषयी दोन गोष्टी समजतात. त्या काळच्या कायद्यात लॉबिस्टाची मागील दोन वर्षांतील सरकारी पदेच सांगावी लागत. 2007 च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीस वर्षे केली. म्हणून जुन्या विवरणपत्रांत पदांचा रकाना तोकडा दिसतो. आणि 1999 ची सर्व विवरणपत्रे पाठ केली तरी त्या वेळी कोणी कोणाला काय सांगितले हे त्यांत मिळणार नाही. ते विधेयकाच्या मजकुरांची क्रमवार तुलना, सुनावणीचा इतिवृत्तान्त आणि नियुक्तीची तारीख यांवरून जुळवावे लागते. नियुक्ती आणि दुरुस्ती यांची जवळीक नोंदवावी. त्यांच्यात देवघेव झाली असे पुराव्याशिवाय लिहू नये.

देणग्या आणि आयकर विवरणपत्र

संघटनेच्या तिजोरीतून संघीय उमेदवाराला थेट पैसे देणे बेकायदा आहे. ते काम तिची राजकीय कृती समिती, म्हणजे पॅक, करते. ही समिती व्यक्तींकडून वर्गणी घेते आणि एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त पाच हजार डॉलर देऊ शकते, प्राथमिक आणि मुख्य निवडणूक वेगवेगळ्या धरून. या नोंदी संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. वर्षातून दोनदा भरल्या जाणाऱ्या एलडी-203 मध्ये लॉबिस्टांच्या वैयक्तिक देणग्यांबरोबरच लोकप्रतिनिधींच्या सन्मानार्थ ठेवलेल्या कार्यक्रमांचा खर्चही येतो. कॉपीराइटची विधेयके हाताळणाऱ्या न्याय समितीच्या सदस्यांची यादी काढून देणग्यांशी पडताळणे हा येथला सोपा आणि फलदायी अभ्यास.

आरआयएए कर कायद्याच्या दृष्टीने व्यापारी संघटना असल्याने तिला दरवर्षी फॉर्म 990 भरावा लागतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. प्रोपब्लिका या ना-नफा वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर तो सहज मिळतो. एकूण वर्गणी, वरिष्ठांचे वेतन आणि इतर संस्थांना दिलेली अनुदाने त्यात दिसतात. संघटनेचे आर्थिक वर्ष कॅलेंडर वर्षाशी जुळतेच असे नाही, तेव्हा 990 मधील आणि एलडी-2 मधील आकडे न जुळल्यास लगेच लबाडीचा निष्कर्ष काढू नये.

फॉर्मबाहेरचा प्रभाव, आणि त्यात भारत

सरकारने जाहीर नोटिशीद्वारे मागवलेल्या लेखी सूचना, समितीपुढील साक्ष आणि न्यायालयातील त्रयस्थ निवेदने ही लॉबिंग कायद्याच्या व्याख्येत ‘लॉबिंग संपर्क’ ठरत नाहीत. आपल्या दृष्टीने यातला सर्वांत जवळचा भाग म्हणजे अमेरिकी व्यापार प्रतिनिधींचा ‘स्पेशल 301’ अहवाल. इतर देश बौद्धिक संपदेचे संरक्षण कसे करतात याचा तो वार्षिक आढावा असतो आणि भारत अनेक वर्षे त्यातील प्राधान्य निरीक्षण यादीत आहे. आरआयएए ज्या आंतरराष्ट्रीय बौद्धिक संपदा आघाडीची सदस्य आहे, ती 1984 मध्ये स्थापन झालेली आघाडी दरवर्षी या आढाव्यासाठी देशवार निवेदन देते. भारतावरचे प्रकरण शोधून वाचावे. भाषा सरळ असते आणि मागण्या स्पष्ट असतात.

उदाहरणार्थ, आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम 31-ड प्रसारकांना वैधानिक परवाना देते, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीवाचून, ठरवून दिलेली रॉयल्टी भरून गाणी वाजवण्याची मुभा. 2016 मध्ये केंद्रीय औद्योगिक धोरण विभागाने एका ज्ञापनाद्वारे हे कलम इंटरनेटवरील प्रसारणालाही लागू असल्याचे म्हटले आणि रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला कडाडून विरोध केला. आघाडीच्या निवेदनांतही हा मुद्दा आला. पुढे एप्रिल 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही रेकॉर्ड कंपनी विरुद्ध विंक ही स्ट्रीमिंग सेवा या दाव्यात स्ट्रीमिंगला हे कलम लागू होत नाही असा निर्णय दिला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठाने तो कायम केला. येथे मोह आवरावा लागतो. वॉशिंग्टनमध्ये मागणी झाली आणि मुंबईत तसा निर्णय आला, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडले असे म्हणता येत नाही. न्यायालयाने कलमाच्या शब्दांवरून निर्णय दिला आहे आणि निकालपत्र वाचणाऱ्याला ते दिसते. अमेरिकेच्या अहवालात निवेदनातील वाक्ये किती प्रमाणात उतरली हे मात्र दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तपासता येते, आणि प्रभाव हा शब्द तेथे पुराव्यानिशी वापरता येतो.

निकालाशी पडताळणी

आता खर्चाच्या तक्त्यात प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षी काय मिळाले आणि काय हुकले ते लिहावे. 2012 च्या जानेवारीत परदेशी चाचेगिरीच्या संकेतस्थळांविरुद्धची ‘सोपा’ आणि ‘पिपा’ (इंग्रजी नावांची आद्याक्षरे) ही दोन विधेयके रेकॉर्ड व चित्रपट उद्योगाच्या पाठिंब्याने पुढे सरकत होती. 18 जानेवारीला इंग्रजी विकिपीडियासह असंख्य संकेतस्थळांनी आपली पाने काळी केली आणि दोनच दिवसांत सिनेटमधील मतदान लांबणीवर पडले. उलट 2018 चा म्युझिक मॉडर्नायझेशन कायदा कोणाच्याही विरोधी मताशिवाय पार पडला, कारण रेकॉर्ड कंपन्या, प्रकाशक, स्ट्रीमिंग कंपन्या आणि अखेरीस ब्रॉडकास्टर्सही एका बाजूला आले होते. शेवटच्या टप्प्यात हरकत घेत राहिली ती मुख्यतः सिरियस एक्सएम ही उपग्रह रेडिओ कंपनी. पैशाचा आकडा या दोन प्रसंगांतील फरक सांगत नाही. समोर संघटित विरोधक होता की नव्हता, यावरून तो कळतो. म्हणून तक्त्यात ‘विरोधात कोण’ असा एक स्तंभ अवश्य असावा. माझ्या अनुभवात तोच स्तंभ सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

लिहिताना वाक्य असे बांधावे की प्रत्येक मर्यादा त्यातच यावी: अमुक वर्षी आरआयएएने तिमाही विवरणपत्रांनुसार, बाहेरच्या फर्मांना दिलेल्या रकमेसह, सर्व विषयांवरील लॉबिंगसाठी एवढा खर्च नोंदवला, आणि त्या विषयांत अमुक विधेयकाचा समावेश होता. ‘अमुक विधेयकासाठी एवढे डॉलर ओतले’ हे वाक्य या विवरणपत्रांवरून कधीच लिहिता येत नाही.

एलडी-2 दरवर्षी 20 एप्रिल, 20 जुलै, 20 ऑक्टोबर आणि 20 जानेवारी या मुदतीपर्यंत भरावे लागते, तर एलडी-203 साठी 30 जुलै आणि 30 जानेवारी या तारखा आहेत. मुदत सुट्टीच्या दिवशी आल्यास ती पुढील कामकाजाच्या दिवशी सरकते. बहुतेक विवरणपत्रे शेवटच्या एक-दोन दिवसांतच येतात, आणि दुरुस्त्या त्यानंतर. ताज्या तिमाहीचा आकडा वापरायचा असेल तर मुदतीनंतर आठवडाभर थांबून शोध पुन्हा एकदा चालवावा.